पुनवेच्या मध्यरात्री पुळण कुठून आणलीत?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नवोदित लेखकांना सल्ला देणारा एक लेख आणि त्याच लेखकांची एक कथा शेजारी शेजारी छापून आली आहे. लेखात ते सांगतात की लिहायला प्रेरणा लागते आणि ती शहरात मिळत नाही. म्हणून ते दर वर्षी आमच्या हर्णै-मुरूडच्या किनाऱ्यावर आठ दिवस येऊन राहतात, माडाला बांधलेल्या झोळीत पडून गाज ऐकतात आणि मग त्यांना सुचतं. कथेतली नायिका पुनवेच्या मध्यरात्री उठते, अंगणाच्या फाटकाचं बेडं ढकलून बाहेर पडते आणि ओहोटीने मोकळ्या पडलेल्या लांबरुंद पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, एकटीच चालत सुटते.

ती बुडाली असणार.

पुनवेच्या मध्यरात्री आमच्याकडे पुळण नसते, पाणी असतं. तेही उधाणाचं, म्हणजे पंधरवड्यातल्या सगळ्यांत मोठ्या भरतीचं. फेस सुरूच्या बुंध्यांशी येऊन टेकतो. हे कळायला पाऊणकी पाठ असली की पुरे. तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे धरा अकरा ते बारा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हातात घड्याळ नसलेल्या म्हाताऱ्या बायका कालवं काढायला निघताना हे बोटांवर मोजतात.

लेखकमहाशय आठ दिवस इथे होते. ज्यांच्याकडे उतरले त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. पण झोळीत पडून गाज ऐकणारा कोणाला काही विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. जागा कमी असेल तर पत्र इथेच कापलंत तरी चालेल.

खरं तर एका भरतीसाठी मी शाई खर्च केली नसती. पण आमच्या शेजारची एक मुलगी दापोलीला कॉलेजात जाते, वहीत काहीबाही लिहिते आणि कोणाला दाखवत नाही. रविवारी ती पुरवणी घेऊन माझ्या पडवीत आली आणि म्हणाली, "काका, ही माणसं आठ दिवस येतात तर त्यांना एवढं सुचतं. आपण तर जन्मल्यापासून इथेच आहोत. मग आपल्याला का नाही सुचत?"

तिला मी आधी पालगडचं सांगितलं. पालगड आमच्याच तालुक्यात, साने गुरुजींचं गाव. 'श्यामची आई'मध्ये आमचा तालुका पानोपानी भरलेला आहे. पण ते पुस्तक गुरुजींनी पालगडला बसून लिहिलं नाही. नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ ला हात घातला आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपवलं. नाशिकच्या तुरुंगातून समुद्र दिसत नाही. पालगडातूनही दिसत नाही म्हणा.

ती म्हणाली, "पण ते साने गुरुजी होते, काका."

याला उत्तर नव्हतं. म्हणून मग मी तिला माझीच गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो, कारण गेली तीस वर्षं ती मला टोचते आहे.

मी एसटीत वाहक होतो. १९८६ साली दापोली आगारात लागलो, २०१८ साली निवृत्त झालो. आता वाहकाच्या गळ्यात तिकिटाचं यंत्र असतं. माझ्या पहिल्या वीस-बावीस वर्षांत तिकिटांची पेटी होती, छापील तिकिटांच्या गड्ड्या होत्या, भोकं पाडायचा चिमटा होता आणि वेबिल होतं. कागदोपत्री त्याला मार्गपत्रक म्हणतात, पण ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. टप्पा बदलला की वेबिलात लिहायचं, कुठल्या दराचं तिकीट कितव्या नंबरपर्यंत गेलं. चेकर कुठल्याही झाडाखाली हात दाखवून चढतो, आणि त्या वेळी वेबिल कोरं असेल तर नोकरीवर येतं. त्यामुळे खड्ड्यांत गाडी उडते आहे, एक हात वरच्या दांडीला आहे, पेटी बगलेत आहे, पायांत कोणाची तरी कोंबडी आहे, अशा अवस्थेत मी लिहायला शिकलो. लिखाणाला शांतता लागते असं त्या लेखात पाच ठिकाणी आलं आहे. असेलही. मला ती मिळाली तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि पहिल्या सहा महिन्यांत माझ्याने एक ओळ लिहवली नाही.

वेबिलाने मला एक खोड लावली. घडलं ते पुढचा टप्पा यायच्या आत लिहायचं. आगारात जाऊन आठवून भरू म्हटलं की तिकिटं जुळत नाहीत आणि तूट खिशातून भरावी लागते. बोलण्याचंही तसंच. रात्री आठवून लिहिलेलं बोलणं माझ्यासारखं होतं, बोलणाऱ्या माणसासारखं राहत नाही. म्हणून मी रद्द झालेल्या वेबिलांच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागलो. एखादा शब्द, एखादं भांडण, कोण कुठे उतरलं. तेव्हा ते गोष्टींसाठी वगैरे नव्हतं. हात रिकामा राहिला की चैन पडत नसे, इतकंच.

१९९४ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दर मंगळवारी दुपारच्या हर्णै गाडीला दापोली स्थानकात एक आजी चढायच्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, काखेत कापडी पिशवी; बोलण्यावरून घाटावरच्या. पैसे मुठीत मोजून तयार. "हर्णै एक." मी हर्णैचं तिकीट फाडून द्यायचो. आणि आजी उतरायच्या आसूदला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आसूद दापोलीपासून जेमतेम अर्ध्या वाटेवर आहे. पोफळींच्या बागांचं गाव. घाटी उतरून गाडी त्या गारव्यात शिरली की उन्हाळ्यातसुद्धा उतारू खिडकीशी सरकतात. तिथे आजी पिशवी सावरत उतरून जायच्या आणि हर्णैपर्यंतची त्यांची जागा माझ्या वेबिलात तशीच बसून राहायची.

पहिल्या मंगळवारी मला वाटलं, काही विसरल्या असतील. दुसऱ्या मंगळवारी वाटलं, बेत बदलला असेल. तिसऱ्या मंगळवारी मी गोष्ट लिहायला घेतली.

एकीत आजींचं हर्णैला कोणी तरी जुनं माणूस होतं. दर आठवड्याला भेटायचं ठरवून निघायच्या आणि आसूदच्या वळणावर धीर सुटायचा. दुसरीत मुलगा दर्यात गेलेला होता, होडी परत आलेली नव्हती, आणि आजींना बंदरापर्यंत जाववत नव्हतं. तिसरीत घरी सुनेला हर्णैचं तिकीट दाखवायचं होतं, म्हणून त्या जादा पैसे मोजत होत्या. ही तिसरी माझी फार लाडकी होती. तिच्यासाठी मी सुनेचा स्वभाव, तिच्या बांगड्यांचा आवाज, चुलीपुढची तिची बसायची तऱ्हा, सगळं तयार केलं होतं. मंगळवार आला की मी सकाळपासून खुशीत असे. चालक विचारायचा, "आज काय, लॉटरी लागली?"

असे चौदा मंगळवार गेले. पंधराव्या मंगळवारी आजींनी मूठ उघडली आणि म्हणाल्या, "आज आठ आणं कमी हाईत, बाबा."

मी सहज बोलून गेलो, "मग आसूदचंच घ्या ना. उतरता तर आसूदलाच."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आसूदचं येगळं तिकीट असतंय व्हय?"

आजी कराडकडच्या. मुलगी आसूदला दिलेली, तिच्याकडे राहायला आल्या होत्या. साखरेच्या औषधासाठी दर मंगळवारी दापोलीला यायच्या. मुलीने पहिल्या दिवशी बजावलं होतं, हर्णैच्या गाडीत बस. वाचता येत नव्हतं, म्हणून त्या चढताना मलाच ऐकवायच्या, "हर्णै एक." वळणावरचं वडाचं झाड ओळखून उतरायच्या. गोष्ट एवढीच होती. जुनं माणूस नव्हतं, बुडालेला मुलगा नव्हता, सून तर नव्हतीच.

"तुमी कवा बोललाच न्हाईसा," आजी म्हणाल्या. गाडीतली दोघं-चौघं हसली.

चौदा मंगळवारांचे जास्तीचे पैसे मी खिशातून काढून द्यायला लागलो. त्यांनी घेतले नाहीत. सरकारला दिल्यात, तुमच्या खिशातनं कशापायी, म्हणाल्या. पुढच्या मंगळवारपासून त्या "आसूदचं, आसूदचं" असं दोनदा सांगायच्या, मोठ्याने, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं.

तिन्ही गोष्टी मी फाडल्या आणि चौथी लिहिली. एक वाहक एका म्हातारीकडे गोष्ट म्हणून बघत राहतो आणि तिला तिकिटाचा दर सांगायचं राहून जातं. ती एका दिवाळी अंकात आली, लोकांनी बरं म्हटलं. पण तिथेही मी लबाडी केली आहे. कथेतला वाहक पाचव्या मंगळवारी स्वतःहून विचारतो. मी पंधराव्यालाही विचारलं नव्हतं. आठ आणे कमी पडले म्हणून विषय निघाला.

शेजारची मुलगी हे ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, "मग त्या आजींनी हर्णै कधी पाहिलं का?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. चौदा वेळा तिकीट काढलेलं हर्णै. मी तिला म्हटलं, ही तुझी गोष्ट, मी हात लावत नाही.

त्यानंतर ती रोज यायला लागली आहे. तिला आता साधनांविषयी विचारायचं असतं. वही कुठली, पेन कुठलं, मोबाइलवर लिहिलं तर चालतं का. लेखकमहाशयांनी चामडी बांधणीची वही, कानात घालायची यंत्रं आणि दिवसाला किती शब्द झाले ते मोजणारं ॲप सांगितलं आहे. शब्द मोजायला माझी हरकत नाही. तीस वर्षं तिकिटं मोजली, मला मोजण्याचं वावडं नाही. पण माझ्याकडे जे आहे ते मी तिला दाखवलं.

पहिलं म्हणजे शब्दांची वही. ती अकारविल्हे नाही, थांब्यांप्रमाणे लावलेली आहे. शब्द ज्या थांब्यावर कानावर पडला त्या थांब्याच्या पानावर. आसूदच्या पानावर पाट, शिंपणं, पोय, झाप, सोडण. हर्णैच्या पानावर भांग, उधाण, तांडेल, खलाशी, मतलई, खारा. (मतलई म्हणजे जमिनीवरून दर्याकडे जाणारा वारा आणि खारा म्हणजे दर्यावरून आत येणारा. हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी लिलाव लागतो, तिथून मासळीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायकांनी हे मला शिकवलं, तेही पाटीच्या लगेज तिकिटावरून भांडता भांडता. जवळ्याची पाटी सीटखाली लपवता येते, वास लपवता येत नाही, हे त्यांना मान्य नसे.) डोंगरातल्या एका वाडीच्या पानावर पाखाडी (म्हणजे पायऱ्यांची वाट), गडगा, पऱ्या, इरलं, पागोळी. गोष्ट लिहायला बसलो की मी आधी थांबा ठरवतो. माणूस कुठे उतरला ते ठरलं की तो पुळण म्हणेल की वाळू, ते वही सांगते. हर्णैच्या माणसाच्या तोंडी पाखाडी येत नाही असं नाही, पण तो ती चढताना धापा टाकतो.

दुसरं साधन म्हणजे चौकशीची पद्धत. वस्तीच्या गाडीने मला ती शिकवली. रात्रीची शेवटची गाडी गावात मुक्कामाला थांबते. चालक घोरायला लागला की वाहकाने जायचं कुठे, देवळाच्या सभामंडपात. तिथे दोन-चार म्हातारे असतातच. सुरुवातीला मी त्यांना म्हणायचो, बाबा, जुन्या गोष्टी सांगा. कोणी सांगत नसे. सगळ्यांचं एकच, आमच्या कसल्या गोष्टी. मग एकदा दाभोळला एका तांडेलाला मी विचारलं, तुमच्या होडीला नाव कोणी ठेवलं? झालं. रात्रीचा दीड वाजला. होडीच्या नावामागे दोन भावांचं भांडण निघालं, भांडणामागे आईचे दागिने निघाले, दागिन्यांमागे मुंबईची चाळ. मी तेव्हापासून गोष्ट मागत नाही. किंमत विचारतो, नाव विचारतो, हे इथे का टांगलंय ते विचारतो. आता हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की आजींना मी हेही विचारलं नव्हतं.

तिसरं भिंतीवरचं कालनिर्णय. १९७३ पासून निघतं, काढणारे साळगावकर मालवणचे. तिथीची पाऊणपट करायला तिथी तर कळली पाहिजे. आमच्या घरी त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशोब असतो, त्याच्या बाजूला माझ्या नोंदी. कुठल्या दिवशी पहिली पागोळी पडली, कुठल्या तिथीला खाडीचं पाणी रस्त्यावर आलं. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही. सौभाग्यवतींचं मत वेगळं आहे.

मोबाइलचं म्हणाल तर तो मला आवडतो. लेखकमहाशयांचं एक म्हणणं मला मनापासून पटलं, की चालता चालता सुचलेलं मोबाइलमध्ये बोलून ठेवावं. मी बोलून ठेवतो. पण बोललेलं त्याला टाइप करायला सांगितलं की गंमत होते. मी पुळण म्हणतो, तो पुरण लिहितो. माझा एक खलाशी दोन दिवस पुरणावर बसून जाळं विणत होता. पऱ्याला पाणी आलं, असं एकदा बरोबर उमटलं, तर शेजारची मुलगी हसायला लागली. तिला वाटलं, पऱ्यांना पाणी सुटलं. तिच्या पिढीत ओढ्याला पऱ्या म्हणणारं घर राहिलेलं नाही. मी तिला शब्दकोश उघडून दाखवला. हे मात्र मोबाइलचे उपकारच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, घरबसल्या बघता येते. त्यात शब्दापुढे इंग्रजी सी असला तर शब्द कोकणचा आणि डी असला तर देशावरचा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, तोही आता बोटाखाली येतो आणि तोही शब्द कुठल्या मुलखाचा ते सांगतो. वाहक असताना तालुक्याच्या वाचनालयात हे खंड बघायला मिळावेत म्हणून मी सुट्टी टाकत असे. आता मी रात्री अंथरुणात ते वाचतो. एका शब्दापासून निघालो की दुसऱ्याच गावात उतरतो.

आणि आता तक्रार. दोन वर्षांपूर्वी आपल्याच वृत्तपत्रात माझं एक पत्र छापून आलं होतं. दर्यात गेलेल्या खलाशांच्या घरच्यांना काय काय सोसावं लागतं, असा विषय होता. छापून आलं, दऱ्यात गेलेल्या खलाशांच्या. हर्णैच्या खलाशांना आपण सह्याद्रीत पाठवलंत. मला महिनाभर फोन येत होते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. र वर चढला की पाणी, र आडवा होऊन अर्धा झाला की दगड. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की हा ऱ मिळतो, तो मुद्दाम दाबावा लागतो. म्हणजे आपल्याकडे कोणीतरी मुद्दाम, कष्ट घेऊन माझं चुकवलं. त्या माणसाचा हेतू चांगलाच असणार. पण माझी विनंती आहे की कोकणातून आलेल्या मजकुरात अनोळखी शब्द दिसला तर सुधारण्याआधी एक फोन करावा. पागोळीची पाकोळी करू नये. आगोटीला आगटी करू नये. थंडीत शेकायची ती आगटी, आणि पावसाआधी घरात भरायची ती आगोट.

आगोटीवरून आठवलं. मिरग लागायच्या आधी आमच्याकडे तांदूळ, लाकूड, सुकी मासळी भरून ठेवतात. मी त्यात दोन वह्या आणि शिसपेन्सिलींची एक पेटी ठेवतो, तांदळाच्या डब्यात. ही चैन नाही. दिवाळी अंकांसाठी गोष्टी पावसाळ्यात पाठवायच्या असतात आणि आमच्याकडे श्रावणात कागद पापडासारखा लवतो. बॉलपेन अशा कागदावर घसरतं, उठत नाही. शाई पसरते. पेन्सिल चालते.

पेन्सिलीवर माझा विश्वास बसला तो निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२०. दुपारी कौलं पत्त्यांसारखी उडाली, माजघरात आभाळ दिसायला लागलं. पुढे कित्येक दिवस गावात वीज नव्हती. माझी लिखाणाची ट्रंक पाण्यात होती. तिसऱ्या दिवशी कागद दोरीवर वाळत घातले तेव्हा शाईने लिहिलेल्या गोष्टी निळ्या डागांत गेलेल्या होत्या. एक आख्खी कादंबरी त्यात गेली. ती फार चांगली नव्हती, पण ते मी ठरवायचं होतं, वाऱ्याने नाही. पेन्सिलीचा शब्द न् शब्द शाबूत होता. आणि रद्द वेबिलांच्या कार्बनच्या प्रतीही जशाच्या तशा. दोरीवर माझ्या गोष्टी कोऱ्या होऊन लोंबत होत्या आणि शेजारी १९९४ च्या एका मंगळवारची तिकिटं नंबरासकट वाचता येत होती.

ते वेबिल मी त्या मुलीला दिलं आहे.

आता शेवटी लेखकमहाशयांसाठी, म्हणजे ते पुढच्या वर्षी येतीलच. कथा टाकून देऊ नये, तिथी तेवढी बदलावी. पुनव सोडून वद्य अष्टमी घ्यावी. आठ पाऊणे सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती आणि मध्यरात्री ओहोटी; नायिकेला चालायला पुळण मिळेल. फार रुंद नाही मिळणार, कारण ते भांगाचे दिवस, पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. चांदण्याचं काय, असं ते विचारतील. गोकुळाष्टमीला चंद्र कधी उगवतो ते आठवावं. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमाराला निघतो. पण आमचा दर्या पश्चिमेला आणि पूर्वेला डोंगर, त्यामुळे पंचांगात उगवलेला चंद्र किनाऱ्यावर दिसायला आणखी थोडा वेळ जातो. तेवढा वेळ नायिका अंधारात असेल. त्या वेळात तिने काय करायचं, ते लेखकमहाशयांनी ठरवावं. नाही सुचलं तर ज्यांच्याकडे उतरतात त्या घरच्या बाईंना विचारावं, की वहिनी, रात्री तुम्ही कधी एकट्या पुळणीवर गेला होतात का, आणि कशासाठी.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी

(नाव छापू नये ही विनंती. आजींची मुलगी अजून आसूदलाच असते आणि तिच्याकडे आपलंच वृत्तपत्र येतं.)